कडू न पाजलेल्या पेशी

पेशी पाळायच्या म्हणजे कोंबड्या पाळण्यापेक्षा जास्त कटकट. कोंबडी निदान भूक लागली की कलकलाट तरी करते. पेशी बाटलीच्या तळाला चिकटून गुपचूप मरतात, आणि आपल्याला कळतं दोन दिवसांनी. नेलिदा आउआनारी हे काम अकरा वर्षं करत होती, नदीकाठच्या त्या शहरात, सरकारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत. दर सोमवारी आणि गुरुवारी ती पेशींना खाऊ घालायची, बाटलीत गर्दी झाली की त्यातल्या थोड्या नव्या बाटलीत हलवायची, आणि हे सगळं करताना त्यांच्याशी बोलायची. "काय गं पोरींनो, आज सुस्तावलात का?" पुढच्या खोलीतले रक्त तपासणारे हसायचे. हसोत बापडे. त्यांना काय, रक्त येतं आणि जातं, ते सांभाळावं लागत नाही.

या पोरी साध्यासुध्या नव्हत्या. मूळच्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या, पण कुणा शहाण्याने त्यांच्या अंगावर माणसाचं एक दार बसवून दिलेलं. दार म्हणजे पेशीच्या बाहेरच्या बाजूला उभं असलेलं एक प्रथिन. माणसाच्या शरीरातसुद्धा हे दार सगळ्या पेशींना नसतं. ते असतं पहारा देणाऱ्या पेशींना. श्वासाबरोबर जे काही आत येतं त्याची झडती घेणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींना. आणि गोवराचा विषाणू नेमका तेच दार शोधत येतो. भिंत फोडत नाही, खिडकी शोधत नाही. ज्याने त्याला पकडायचं त्याच्याच अंगात शिरतो. मग तो पहारेकरी त्याला घेऊन गाठींमध्ये जातो, तिथं बाकीचे पहारेकरी जमलेलेच असतात, आणि एकेकाला विषाणू गिळत सुटतो. आठ-दहा दिवस घरात कुणाला पत्ता नसतो, पोर खेळत असतं. शेवटी तो घशाच्या पेशींना आतल्या बाजूने गाठतो, तिथलं वेगळं दार वापरतो, आणि खोकल्याबरोबर बाहेर पडून शेजारच्या घरी जातो.

हे सगळं नेलिदाला शिकवलं ते दोन्या ओलिंपिया तानांता यांनी; दोन्या म्हणजे तिकडचं मानाचं 'बाई'. या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली, आणि निवृत्त होताना नेलिदाच्या हातात किल्ली देऊन एकच गोष्ट बजावली होती, "बाकी काही चुकलं तरी चालेल. कडू चुकवू नकोस."

कडू म्हणजे जिनेटिसिन नावाचं औषध. माकडाच्या पेशीला माणसाचं दार म्हणजे फुकटचं ओझं. संधी मिळाली की ती ते टाकून मोकळी होते. म्हणून दार बसवतानाच त्याच्या जोडीला हे औषध पचवायची ताकदही बांधून दिलेली असते. खाण्यात औषध घालत राहिलं की दार टाकलेली पेशी मरते आणि दार सांभाळणारी जगते. पण औषध शेवटी विषच. ते खाणाऱ्या पेशी कधी तजेलदार दिसत नाहीत. किडकिडीत, हळूहळू वाढणाऱ्या, आजारी लेकरांसारख्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सुमारास, कडू संपत आलं. मागवलेलं पार्सल कुठे अडकलं देव जाणे. नेलिदाने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणजे डॉक्टर पिनेदो. ते म्हणाले, "बघ काहीतरी जुळवून." तिने जुळवलं. आधी अर्धं घातलं, मग पाव, मग थेंबभर. मार्चच्या शेवटी कडूची बाटली कोरडी झाली. आणि गंमत बघा, पोरी एकदम अंग धरू लागल्या! भराभर वाढायला लागल्या, दोन दिवसांत बाटली भरून टाकायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली कशा टपोऱ्या, चकचकीत. अकरा वर्षांत असं रूप नव्हतं बघितलं तिने. साहेबांनी सुद्धा एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा! हाताला गुण आहे हो तुझ्या." ती लाजली. रोजच्या वहीत 'कडू दिलं' असा एक रकाना होता. त्यात ती सवयीने बरोबरची खूण करत राहिली. कुणाला फसवायचं म्हणून नव्हे. रकाना रिकामा दिसला की तिला चैन पडत नसे, एवढंच.

मे महिन्यात सेगुंदो मुरायारी आला.

सेगुंदो हा नदीच्या वरच्या अंगाला, पुएर्तो सिरेना नावाच्या वस्तीतल्या आरोग्य ठाण्याचा परिचारक. डॉक्टर, दाई, झाडूवाला, सगळं तोच. दोन दिवसांचा प्रवास करून तो लाँचमधून उतरला तो छातीशी बर्फाची पेटी कवटाळूनच.

"नेलिदाबाई, आधी हात लावून बघ," पेटी टेबलावर ठेवत तो म्हणाला. "लाव, लाव! दगड आहे दगड. वाटेत तीन धक्क्यांवर बर्फ बदलला मी. लाँचवरचा आचारी म्हणतो, एवढी गार पेटी आहे तर माझे चार मासे ठेव त्यात. म्हटलं, ठेवतो, आणि मग तुझंच डोकं ठेवतो वरून."

"भांडलास म्हणजे."

"भांडलो कुठे? फक्त समजावलं." त्याने झाकण उघडलं. आत त्याच्या शेजारच्या घरातल्या एदिनसोन नावाच्या सहा वर्षांच्या पोराच्या घशातून घेतलेला नमुना आणि रक्ताची एक कुपी होती. "ताप, डोळे लाल, नाक वाहतंय, आणि कानामागून सुरू झालेलं पुरळ. माझी आजी असती तर बघताक्षणी सांगितलं असतं."

"गोवर?"

"मी नाव नाही घेतलं बाई. नाव तू घे. माझी लायकी काढतील." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ठाण्यावरचा फ्रिज जानेवारीपासून बंद आहे. लसीचा एक थेंब नाही माझ्याकडे. माझी यादिरा आठ महिन्यांची आहे. एकच दात आलाय, आणि त्या एका दाताने घरातल्या सगळ्यांना चावत सुटलीय. गोवर असला तर एवढ्या लहानांनाही टोचतात ना?"

"साथ जाहीर झाली तर सहा महिन्यांच्या पुढच्या सगळ्यांना. नाहीतर वर्षाचं झाल्यावरच."

"मग लवकर जाहीर करा ना."

ते काही नेलिदाच्या हातात नव्हतं. ते होतं डॉक्टर पिनेदोंच्या हातात, आणि पिनेदोंच्या खोलीत भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र होतं: अख्ख्या खंडातून गोवर हद्दपार झाला, त्यात आपल्या प्रांताचाही वाटा. त्या कागदावर त्यांचा भारी जीव. रक्ताची तपासणी झाली, पण ती धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना.

"डेंग्यूतसुद्धा असं अर्धवट उत्तर येतं," पिनेदो म्हणाले. "एवढ्यावर मी राजधानीत, लिमाला, फोन लावू? उद्या नाक कापलं जाईल माझं. पेशींवर वाढवून बघ. तुझ्या पोरी काय सांगतात ते ऐकू. विषाणू वाढला तर लसीची बोट त्याच दिवशी सोडतो, शब्द देतो. डिझेल भरून उभीच आहे ती."

वाईट माणूस नव्हता. बोट खरंच उभी होती. नेलिदाने खिडकीतून पाहिली, पांढरी, धक्क्याला बांधलेली. तर आता ती बोट सुटायची की नाही हे ठरणार होतं मागच्या खोलीतल्या एका बाटलीवर.

तिने काम अगदी शिस्तीत केलं, हे कबूल करायला हवं. नमुना दोन बाटल्यांत घातला. उरलेला उणे सत्तरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. तिसरी बाटली ताळा घेण्यासाठी. पेशी ठीक आहेत ना, विषाणूला आत घेतात ना, हे बघायला एका बाटलीत खात्रीचा विषाणू घालायचा असतो. रोग्याच्या अंगातून थेट घेतलेल्या, रानटी विषाणूची जुनी कुपी संपलेली होती. मग तिने शहरातल्या लसीच्या डब्यातून एक कुपी आणली आणि तिचे थेंब घातले. लस म्हणजे तरी काय, गोवराचाच विषाणू, फक्त माणसाळवलेला. सगळेच कधी ना कधी असं करतात.

तिसऱ्या दिवशी लसीच्या बाटलीत पेशी एकमेकींत मिसळायला लागल्या. गोवर आत शिरला की असंच होतं. शेजारच्या पेशींमधल्या भिंती विरघळतात आणि दहा-वीस पेशींची मिळून एक अवाढव्य, अनेक केंद्रांची थोराड पेशी होते. नेलिदाला हायसं वाटलं. पोरी ठीक होत्या. एदिनसोनच्या दोन्ही बाटल्यांत मात्र काही नाही. पाचव्या दिवशी नाही. सातव्या दिवशी नाही. तिने त्यातलं पाणी नव्या बाटल्यांत घालून आणखी एक आठवडा वाट बघितली. टपोऱ्या, चकचकीत पेशी जशाच्या तशा. चौदाव्या दिवशी तिने अहवाल लिहिला: गोवराचा विषाणू आढळला नाही.

वायरलेसवर तिनेच सेगुंदोला सांगितलं. खरखरीतून त्याचा आवाज आला, "नक्की ना, बाई?"

"नक्की. दोनदा बघितलं."

"देव पावला. एल्सिराला सांगतो, झोप आता म्हणावं. माझ्या बायकोने दोन आठवडे पोरीला खाली ठेवली नाहीये." आणि तो हसला. पांढरी बोट दुसऱ्या दिवशी सुटली, पण नदीच्या खालच्या अंगाला, शाळांतल्या पोरांचे दात तपासायला. नेलिदाने त्या दुपारी बाजारात केळीच्या पानात शिजवलेला गरमागरम भात, हुआने, घेतला आणि बाकावर बसून सगळा खाल्ला. काम चोख झालं की ती असं करायची. पुढे कित्येक महिने तिला त्या भाताच्या वासानेही मळमळायचं.

सहा आठवडे गेले. वरून पुरळाच्या बातम्या येत होत्या, पण अहवालात 'नाही' होतं, म्हणून साहेबांनी त्या डेंग्यूच्या खात्यात टाकल्या. मग एक दिवस वरच्या वस्त्यांमधल्या एक मास्तरीणबाई पाच आजारी पोरं घेऊन थेट शहराच्या दवाखान्यात येऊन बसल्या आणि हलायला तयार होईनात. पाचही पोरांचं रक्त ठणकावून गोवर म्हणालं. आता शंकेला जागाच नव्हती. फोन झाले, बोटी धावल्या, वर्तमानपत्रांतले लोक आले. बोट पुएर्तो सिरेनाला पोचली तेव्हा तिथं टोचायला फार कुणी उरलं नव्हतं. एक्केचाळीस पोरांना गोवर येऊन गेला होता. सहा गेली होती.

सहावी यादिरा. पुरळ उतरलं होतं तिचं, खेळायलाही लागली होती. पण गोवर उतरताना सगळं घेऊन जातो. पहारेकरीच खाल्लेले, तर पुढच्या रोगाला अडवणार कोण? आठ दिवसांनी तिची छाती भरली आणि ती दोन दिवसांत गेली.

डॉक्टर पिनेदोंनी लिमाला पाठवायचं स्पष्टीकरण लिहायला घेतलं. नेलिदाला समोर बसवलं होतं. "पहिला नमुना निगेटिव्ह कसा आला? लोक विचारणारच," ते म्हणाले, आणि पेन थांबवून तिच्याकडे बघितलं. "पेशी ठीक होत्या ना?"

"ताळ्याची बाटली बरोबर आली होती, साहेब."

"मग उघड आहे. दोन दिवस लाँचमध्ये, या उन्हात. बर्फ वितळला. नमुना वाटेतच मेला." त्यांनी लिहिलं: वाहतुकीत शीतसाखळी तुटली. सेगुंदो मुरायारीकडून लेखी खुलासा मागवण्यात येत आहे.

नेलिदा उठली. खोटं कशाला सांगायचं, तिला सुटल्यासारखं वाटलं. आपल्या खोलीचं दार लोटून ती स्टुलावर बसली आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं, दगड होता. मी हात लावला होता. बर्फ दगड होता.

रविवारी ती दोन्या ओलिंपियांकडे गेली. म्हातारी ओसरीवर पाय सोडून आग्वाहे नावाच्या ताडाची फळं सोलत बसली होती. मोतीबिंदूने डोळे पांढरे झालेले, पण जिभेला गंज नव्हता.

"ये. तोंड का उतरलंय? नवऱ्याने टाकलं की काय?"

"नवरा आहे कुठे मला, मावशी?"

"तेही खरंच. मग कामाचं असणार. बोल."

नेलिदाने सगळं सांगितलं. पार्सल, अर्धं, पाव, थेंबभर. पोरी कशा गुटगुटीत झाल्या तेही. म्हातारीचा हात फळावरच थांबला.

"गुटगुटीत? आणि तुला त्याचं कौतुक वाटलं?"

"हो."

"किती वेळा बाटल्या बदलल्यास कडू न घालता?"

"चौदा. पंधराही असतील."

"अगं बये! पंधरा वेळा!" ओलिंपियाने सुरी खाली ठेवली. "दार टाकलं असणार त्यांनी कधीच. अंगावरचं ओझं उतरलं म्हणून तर अंग धरलं. तुला वाटलं तुझ्या हाताला गुण आला!"

"पण ताळा बरोबर आला, मावशी. लसीचे थेंब घातले होते, तीन दिवसांत थोराड पेशी..."

"लसीचे?" म्हातारीने कपाळाला हात लावला. "लसीचा विषाणू प्रयोगशाळेत लहानाचा मोठा झालेला, गं. वर्षानुवर्षं असल्याच पेशींवर पोसलेला. त्याने दुसरं दार शोधलंय, प्रत्येक माकडपेशीला असतं ते. तो कुठूनही जातो. रानातला जात नाही. रानातल्याला ते एकच दार लागतं. पाळलेल्या मांजराने दूध प्यायलं म्हणून वाघ शाकाहारी ठरतो होय? शिकवलं होतं की नाही मी तुला हे?"

शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, त्याच खोलीत, एका पावसाळी दुपारी. नेलिदाने वहीत लिहूनही घेतलं होतं.

 मग ओलिंपिया म्हणाली, "नायट्रोजनच्या टाकीत, खालून दुसऱ्या खणात, माझ्या हाताने गोठवलेल्या कुप्या आहेत. निळं बूच. त्या कडू खाऊन वाढलेल्या आहेत. नमुना उरलाय का?"

"आहे. फ्रीजरमध्ये."

"मग घालून बघ. कदाचित खरंच बर्फ वितळला असेल. देव करो आणि तसं असो." मग तिने पुन्हा सुरी उचलली. "आणि तसं नसलं, तर मला सांगायला येऊ नकोस. ज्याला सांगायचं त्याला सांग."

निळ्या बुचाची कुपी वितळवून तिने पेशी जागवल्या. किडकिडीत, मंद, आजारी दिसणाऱ्या पोरी. शेजारच्या प्रयोगशाळेतून चमचाभर कडू उसनं आणलं. मागितलं असतं तर मार्चमध्येही मिळालं असतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दहा दिवस तिने त्यांना सांभाळलं. मग एकाच सकाळी एदिनसोनचा तोच नमुना दोन बाटल्यांत घातला; एकीत ओलिंपियाच्या पेशी, दुसरीत आपल्या टपोऱ्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडेला एक डाग दिसला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओलिंपियाच्या बाटलीत जिकडेतिकडे थोराड पेशी होत्या, एकमेकींत विरघळलेल्या, मध्ये भोकं पडलेली चादर. शेजारच्या बाटलीत तिच्या लाडक्या पोरी जशाच्या तशा, चकचकीत. विषाणू त्यांच्या अंगणात तीन दिवस फिरला होता आणि त्याला दारच सापडलं नव्हतं.

ती दोन्ही बाटल्या घेऊन पिनेदोंकडे गेली. ते वाकून पाहत राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कुणाला दाखवलंस का?"

"नाही."

"दाखवू नकोस. ऐक माझं. यातलं एक तरी पोर परत येणार आहे का? आता लिहून उपयोग काय? प्रयोगशाळा बंद पडेल, तू घरी बसशील, मी घरी बसेन. टाकून दे त्या बाटल्या, आणि यापुढे कडू चुकवू नकोस."

"आणि सेगुंदो?"

"त्याला काय होणार आहे? समज देतील. नोकरी जात नाही त्याची."

तिने टपोऱ्या पोरी ब्लीचमध्ये ओतल्या. सगळ्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी न बोलता. पण ओलिंपियाची बाटली टाकायला तिचा हात पुढे होईना. ती तिने उबवणीच्या कपाटात परत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सेगुंदो दारात उभा राहिला. वाळला होता. हातात तीच पेटी, आणि खिशात घडी केलेला कागद.

"खुलासा द्यायला आलोय," तो म्हणाला. "साहेब नाहीत म्हणे. तुझ्याकडे ठेवू?"

"बस ना, सेगुंदो."

"बसत नाही. दुपारची लाँच आहे." तरी तो बसला. पेटी मांडीवर. "लिहिलंय सगळं खरं खरं. तीन धक्क्यांवर बर्फ घेतला ते लिहिलंय. पण तिसऱ्या धक्क्यावरचा बर्फ भुसभुशीत होता, बाई. मला तेव्हाच शंका आली होती. म्हटलं चालेल. पुढे चौथा धक्का होता, तिथे लाँच थांबवायला सांगायला हवी होती. नाही सांगितली. तेवढंच झालं असणार. तेही लिहिलंय."

"सेगुंदो..."

"नाही, ऐक. एल्सिरा बोलत नाही माझ्याशी. पोरीच्या मातीहून आल्यापासून एक शब्द नाही. एकदाच बोलली. म्हणाली, तुला बर्फ सुद्धा सांभाळता आला नाही. बरोबरच आहे तिचं. मासे नाही ठेवू दिले मी, मोठा शहाणा, आणि बर्फ..." तो पेटीच्या झाकणावरून हात फिरवत राहिला. "तुझी माफी मागायची होती. खराब नमुना आणून दिला तुला. दोन आठवडे फुकट राबलीस."

 नेलिदाला वाटलं, ओरडावं. तिने उठून कपाटातून बाटली काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

"इकडे ये. डोळा लाव."

तो आला. वाकला. त्याला अशा पेशी बघायची सवय नव्हती, पण ठाण्यावर मलेरियाच्या काचा बघायचा तो. "हे काय? फाटलंय सगळं."

"गोवर आहे. जिवंत."

"कुणाचा?"

"एदिनसोनचा. तू मे महिन्यात आणलेला. तोच नमुना."

तो वाकलेलाच राहिला.

"तुझा बर्फ टिकला होता, सेगुंदो. नमुना अगदी ताजा होता. माझ्या पेशी बिघडलेल्या होत्या. त्यांना एक औषध द्यावं लागतं, ते मी दिलं नाही. संपलं होतं, मी मागितलं नाही कुणाकडे, आणि वहीत दिलं म्हणून खूण केली. विषाणूला आत जायला दारच नव्हतं. माझ्यामुळे. तुझ्यामुळे नाही."

पुढच्या खोलीत कुणीतरी यंत्र सुरू केलं. ते घरघरत राहिलं. सेगुंदोने डोळा काढला नाही.

"किती दिवस लागले हे दिसायला?" शेवटी त्याने विचारलं.

"तीन."

"तीन," तो म्हणाला. "मी तुझ्याकडून परत घरी पोचलो दोन दिवसांत. म्हणजे मी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं असतं." त्याने बोटांवर मोजलं नाही, पण ओठ हलत होते. "बोट दोन दिवसांची. त्या दिवशी एदिनसोन सोडून कुणालाच काही नव्हतं गावात. कुणालाच नाही."

नेलिदा रडायला लागली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिला गप्प करावं असं त्याला वाटलं नाही, आणि का वाटावं?

मग त्याने खिशातला घडीचा खुलासा काढला, फाडला, आणि तुकडे परत खिशातच ठेवले. "लेखी दे," तो म्हणाला.

"देते. साहेबांना आणि लिमालाही पाठवते, आजच."

"त्यांचं तू बघ. मला घरी दाखवायला दे. एल्सिराच्या नावाने लिही. शिक्का मार. आणि अक्षर मोठं काढ, ती दुसरीपर्यंतच शिकलीय."

तिने प्रयोगशाळेचा छापील कागद घेतला. काय लिहायचं सुचेना. औषध, दार, पेशी, वही, सगळं डोक्यात गर्दी करत होतं. तो पाठीमागे उभा राहून बघत होता. शेवटी तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: एल्सिरा, बर्फ वितळला नव्हता. सेगुंदोने नमुना नीट आणला. चूक माझ्याकडून झाली. खाली सही केली आणि शिक्का मारला.

सेगुंदोने कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत त्याने तो दोनदा वाचला, जसा त्याच्या बायकोने वाचला असता. मग टेबलावर परत तिच्यासमोर ठेवला आणि खाली बोट दाखवलं.

"सही थरथरलीय. नाव लागत नाही," तो म्हणाला. "पूर्ण नाव लिही."